हातोडा चुंबक बनवतो की बिघडवतो?

लोकलमध्ये नेट गेलं, ऑफिसात इअरफोन लावता आले नाहीत, किंवा ऐकता ऐकता झोप लागली, अशा सगळ्यांसाठी या एपिसोडचा हा लिखित मजकूर. माझे "अं" आणि "म्हणजे बघा" काढून टाकलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका प्रश्नानं करू. शाळेतलं विज्ञान आठवा. "चुंबक आपटू नये, हातोडीनं ठोकू नये, त्याचं चुंबकत्व कमी होतं." एक मार्काचं उत्तर. आपण सगळ्यांनी लिहिलंय आणि ते बरोबरही आहे.

आता १६०० सालात जाऊ. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा डॉक्टर विल्यम गिल्बर्ट यानं चुंबकावर 'दे मॅग्नेटे' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रसिद्ध चित्र आहे. लोहार ऐरणीवर तापलेली लोखंडी कांब ठोकतोय, आणि कांबेच्या दोन टोकांच्या दिशांना लॅटिनमध्ये उत्तर आणि दक्षिण असं लिहिलंय. गिल्बर्ट सांगतो की कांब उत्तर-दक्षिण धरून ठोकली तर ती चुंबक बनते, आणि पूर्व-पश्चिम धरून ठोकली तर जवळजवळ काहीच होत नाही.

म्हणजे एकच हातोडा. शाळेत तो चुंबकत्व घालवतो आणि लोहाराकडे तोच चुंबकत्व आणतो. मग खरं काय?

दोन्ही खरं. पण दोन्ही खरं का, हे एका समीकरणात नीट मांडायला माणसाला पावणेचारशे वर्षं लागली. आजचा एपिसोड त्या पावणेचारशे वर्षांचा आहे. आणि मध्ये एक जहाज बुडतं, म्हणून हा नुसता लॅबमधला वाद नाही.

जहाज नावाची कांब

एकोणिसाव्या शतकात लाकडाऐवजी लोखंडी जहाजं बांधायला लागले. लोखंडी पत्रे जोडायचे म्हणजे रिव्हेट ठोकायचे. हजारो रिव्हेट, कित्येक महिने, आणि एवढा वेळ जहाज गोदीत एकाच दिशेला तोंड करून उभं. ओळखीचं वाटतंय ना? गिल्बर्टचा लोहारच आहे हा, फक्त कांब आता अख्ख्या जहाजाएवढी झाली. जहाज पाण्यात उतरायच्या आधीच चुंबक झालेलं असायचं. मग त्यावरचं होकायंत्र उत्तर कशी दाखवणार?

१८३८ मध्ये ब्रिटनचा राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यानं 'रेनबो' नावाच्या लोखंडी बोटीवर प्रयोग करून उपाय काढला. जहाजाचं चुंबकत्व मोजा, आणि ते रद्द होईल अशा बेतानं होकायंत्राशेजारी चुंबक आणि लोखंडाचे तुकडे बसवा. आजच्या भाषेत सांगायचं तर एकदा कॅलिब्रेट करा, ऑफसेट वजा करा आणि निघा.

याला विरोध करणारा माणूस होता विल्यम स्कोर्सबी. आधी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा कप्तान, नंतर चर्चमध्ये पाद्री, आणि सगळा वेळ चुंबकाचा नाद. त्याचं म्हणणं साधं होतं. जहाज गोदीत ठोकून चुंबक झालं असेल, तर समुद्रात लाटाही त्याला ठोकतातच की! पण आता जहाजाचं तोंड दुसरीकडे असतं. म्हणजे गोदीत मिळालेलं चुंबकत्व प्रवासात बदलणार, आणि तुमचा ऑफसेट चुकणार.

जानेवारी १८५४. 'टेल्यर' नावाचं नवंकोरं लोखंडी जहाज लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालं. पहिलाच प्रवास, जहाजात ऑस्ट्रेलियात नशीब काढायला निघालेली कुटुंबं. दोनच दिवसांत आयर्लंडजवळच्या लॅम्बे बेटाच्या खडकांवर ते आपटलं. तीनशेहून जास्त माणसं गेली. कारणं एकाहून जास्त होती, नवखे खलाशी, वादळी हवा. पण जहाजावरची होकायंत्रं एकमेकांशी जुळत नव्हती, हे त्यातलं मोठं कारण. स्कोर्सबीनं हे उदाहरण घेऊन वाद जाहीरपणे मांडला. एअरीला ते पटलं नाही.

मग साठी ओलांडलेला स्कोर्सबी १८५६ मध्ये 'रॉयल चार्टर' या लोखंडी जहाजावर स्वतः चढला आणि ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आला. वाटेत तो जहाजाचं चुंबकत्व मोजत राहिला, आणि ते खरंच बदलत होतं. परत आल्यावर काही महिन्यांतच, १८५७ मध्ये, तो वारला.

'लाटांनी ठोकल्यावर बदलतं' एवढं त्यानं दाखवलं. पण किती बदलतं? कुठल्या बाजूला? त्याचं गणित कोणाकडेच नव्हतं.

एक वीत

गणित करायचं तर आधी साधा प्रयोग हवा. जहाज नको, लाटा नकोत. एक कांब, एक कॉइल.

जेम्स जूल, हो, ऊर्जेचं एकक ज्याच्या नावानं आहे तोच, मँचेस्टरजवळच्या दारू गाळणाऱ्या घरातला. त्यानं १८४२ मध्ये उलटा प्रश्न विचारला. ताणानं चुंबकत्व बदलतं ते सोडा, चुंबकत्वानं लांबी बदलते का? लोखंडाची कांब कॉइलमध्ये ठेवून त्यानं करंट सोडला. कांब वाढली. किती? सुमारे ७ लाख २० हजारांतला एक भाग. मुंबईपासून पुण्यापर्यंत दीडशे किलोमीटर लांब कांब असती, तर ती एक वीतभर वाढली असती! तरफा वापरून तो हा बदल मोठा करून बघायचा. त्यानं कांब पाण्यानं भरलेल्या नळीत ठेवूनही पाहिली. पाण्याची पातळी हलली नाही. म्हणजे कांब लांबीला वाढते तशी जाडीला बारीक होते.

हे तुम्ही रोज ऐकता, बरं का. सोसायटीबाहेरची डीपी गुणगुणते ना? आतला लोखंडी गाभा हाच प्रकार करत असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. चुंबकत्व या दिशेचं असो की त्या दिशेचं, लांबी सारखीच बदलते, म्हणून एका आवर्तनात गाभा दोनदा लांब-आखूड होतो आणि गुणगुण येते १०० हर्ट्झची.

आता साधा तर्क लावा. चुंबक केल्यावर लोखंड लांब होतं, तर लोखंड ओढून लांब केलं की ते सहज चुंबक व्हायला हवं. १८६५ मध्ये इटलीच्या एमिलिओ व्हिलारीनं लोखंड ओढून पाहिलं. चुंबकीय क्षेत्र कमी असताना ओढल्यावर चुंबकत्व वाढलं. तर्क बरोबर! क्षेत्र वाढवलं, तर ओढल्यावर चुंबकत्व कमी झालं. तर्काचे बारा वाजले.

या उलट फिरण्याला आजही व्हिलारी रिव्हर्सल म्हणतात. त्याचं अर्धं कारण १८८० च्या दशकात कळलं. खूप जोरदार क्षेत्रात लोखंड लांब व्हायचं थांबून आखूड व्हायला लागतं. म्हणजे तर्क चुकला नव्हता, लोखंडच मध्येच पलटी मारत होतं.

पण उरलेलं अर्धं कोडं जास्त त्रासदायक होतं. तीच कांब, तेच क्षेत्र, तोच ताण, आणि तरीही आकडा दरवेळी वेगळा.

माझी एक चोरी

इथे एक कबुली. बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता, पोलादी रॉडवरचा भार चुंबकत्वावरून ओळखायचा. रॉडभोवती कॉइल, शेजारी स्वस्तातला हॉल सेन्सर, आणि दाब द्यायला लॅबमधलं टेस्टिंग मशीन. पहिल्यांदा भार दिला तर रीडिंग भसकन बदललं. भार काढला, तर ते शून्यावर परत येईना. दुसऱ्यांदा दिला तर बदल अगदी थोडा. तिसऱ्यांदाही थोडाच.

आम्ही वायर बदलल्या. सेन्सर बदलला. सबमिशन चार दिवसांवर आलं. मग आम्ही पहिल्या फेरीचा डेटा उडवला, उरलेल्यांची सरासरी काढली आणि एक्सेलमध्ये त्यातून सरळ रेघ मारली. रेघ इतकी सुंदर बसली की व्हायव्हात कोणी काही विचारलंच नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "सुरुवातीची फेरी सेन्सर स्थिरावण्यासाठी वगळली." ते वाक्य माझं होतं.

ही गोष्ट डोक्यात ठेवा. आता टोकियोला जाऊ.

टोकियोतला शब्द

१८७८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीचा जेम्स अल्फ्रेड यूइंग हा २३ वर्षांचा मुलगा प्राध्यापक म्हणून टोकियोला पोचला. जपान तेव्हा झपाट्यानं नवं विज्ञान शिकत होता. यूइंगनं तिथे भूकंपमापकावर काम केलं, आणि लोखंडावरही. चुंबक केलेल्या तारेला पीळ द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, आणि प्रत्येक पायरीला मोजायचं. सोबत त्याचे जपानी विद्यार्थी होते, त्यांत तानाकादाते आयकित्सू, जो पुढे जपानचा मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला.

यूइंगला तेच दिसलं जे आम्हाला दिसलं. जाताना एक वाट, येताना दुसरी. ताण शून्यावर आला तरी चुंबकत्व पूर्वीच्या जागी येत नाही. फरक एवढाच की त्यानं पहिली फेरी उडवली नाही. त्यानं तिला नाव दिलं. ग्रीकमधल्या 'मागे राहणे' या अर्थाच्या शब्दावरून १८८१ मध्ये त्यानं 'हिस्टेरेसिस' हा शब्द बनवला. इंजिनिअरिंगला हा शब्द आपण चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त करण्याच्या लूपसोबत शिकतो. पण तो आला तारेला पीळ देण्याच्या प्रयोगांमधून.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. तोपर्यंत सगळे समजत होते की चुंबकत्व हे फंक्शन आहे. क्षेत्र आणि ताण इनपुट द्या, आउटपुट मिळेल. यूइंगनं दाखवलं की आत स्टेट आहे. लोखंड आत्ता कुठे आहे यासोबत ते कुठून आलं हेही सांगावं लागतं. एअरीच्या चुंबकांना नेमकं हेच ठाऊक नव्हतं.

यूइंगच्या आणखी दोन गोष्टी. एक, मऊ लोखंडाची तार मोजताना तिला हलकेच टकटक केली तर लूप जवळजवळ मिटून जायचा. जाता-येताची वाट एकच व्हायची. ही टकटक लक्षात ठेवा. दोन, १८९० मध्ये त्यानं टेबलावर टाचण्यांवर फिरणाऱ्या छोट्या छोट्या चुंबकसुयांची रांग लावली आणि बाहेरून क्षेत्र बदललं. सुया शेजाऱ्यांना धरून राहायच्या आणि मग एकदम गटानं उलटायच्या. हिस्टेरेसिस समोर टेबलावर! कम्प्युटर नसताना केलेलं सिम्युलेशनच ते.

(जाता जाता: पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराचा कोड फोडणाऱ्या रूम ४० चा पहिला प्रमुख हाच यूइंग. यावर वेगळा एपिसोड करू.)

त्याच्यानंतर टोकियोला आलेला कार्गिल नॉट आणि त्याचा विद्यार्थी नागाओका हांतारो यांनी निकेलवर हे काम पुढे नेलं. निकेल उलट वागतं, चुंबक केल्यावर आखूड होतं, आणि ओढलं की त्याचं चुंबकत्व घटतं. हाच नागाओका १९०४ मध्ये शनीच्या कड्यांसारखं अणूचं मॉडेल मांडतो.

सगळे जिथे जायला बघतात ती जागा

१९०७ मध्ये पिएर वाइसनं सांगितलं की लोखंडाच्या आत छोटे छोटे प्रदेश असतात आणि प्रत्येक प्रदेश आधीच पूर्ण चुंबक असतो. दिशा वेगवेगळ्या, म्हणून बाहेर काही दिसत नाही. या प्रदेशांना डोमेन म्हणतात. पुढे कळलं की दोन डोमेनमधली सीमा सरकू शकते, पण ती धातूतल्या दोषांवर अडकते. शेतातून ओढताना साडी काट्यांना अडकावी तशी. हिस्टेरेसिस म्हणजे हेच अडकणं.

मग दुसरं महायुद्ध. १९३९ पासून जर्मन चुंबकी सुरुंग समुद्रात पडू लागले. जहाजाचं चुंबकत्व जाणवलं की ते फुटायचे. स्कोर्सबीचा प्रश्न पुन्हा दारात आला. आज जहाज चुंबकमुक्त केलं, पण लाटा खाऊन आल्यावर काय? अमेरिकेत विल्यम फुलर ब्राऊन या काळात जहाजांना अशा सुरुंगांपासून वाचवण्याच्या कामावर होता. १९४९ मध्ये त्यानं ताणामुळे होणाऱ्या परत न फिरणाऱ्या बदलांचा सिद्धांत मांडला. ताण अडकलेल्या सीमा सोडवतो, हा त्याचा गाभा. पण तो लहान क्षेत्र आणि लहान ताणापुरता चालायचा.

१९७० मध्ये क्रेक आणि वुड यांनी प्रयोगांतून एक विचित्र गोष्ट समोर ठेवली. क्षेत्र स्थिर ठेवून लोखंडी वस्तू ओढली, तर चुंबकत्व वाढलं. दाबली, तरी सुरुवातीला वाढलं! ओढणं आणि दाबणं एकमेकांच्या उलट, मग परिणाम एकाच बाजूला कसा?

उत्तर कॅनडातून आलं. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात डेव्हिड अ‍ॅथर्टन तेल-वायूच्या पाइपलाइन चुंबकानं तपासण्यावर काम करत होता. पाइपच्या आतून यंत्र जातं, भिंत चुंबक करतं, आणि जिथे गंजून भिंत पातळ झालीय तिथून बाहेर गळणारं चुंबकत्व टिपतं. पण पाइपमध्ये वायू दाबाखाली असतो, भिंत ताणलेली असते. मग सिग्नल गंजाचा की ताणाचा? चुकलं तर पाइप फुटतो. जहाज गेलं, पाइप आला, प्रश्न तोच.

डेव्हिड जाइल्स आणि अ‍ॅथर्टन यांनी १९८४ मध्ये जे मॉडेल मांडलं, आणि जाइल्सनं १९९५ मध्ये ज्याला नेटका आकार दिला, त्याचा मुद्दा एका वाक्यात सांगता येतो. कुठल्याही क्षेत्रात लोखंडाची एक 'आवडती' अवस्था असते. काहीच अडकलं नसतं तर ते जिथे जाऊन बसलं असतं, ती. तिला अनहिस्टेरेटिक अवस्था म्हणतात. सीमा अडकल्यामुळे लोखंड तिथे पोचत नाही. ताण दिला की सीमा सुटतात आणि लोखंड त्या अवस्थेकडे सरकतं. जितकं दूर असेल तितकं भराभर, जवळ आल्यावर हळूहळू. गरम चहा गार होतो ना, अगदी तसंच गणित.

आणि सरकण्याचं माप ताणाच्या दिशेवर ठरत नाही, लोखंडात साठलेल्या ऊर्जेवर ठरतं. ऊर्जेत ताणाचा वर्ग येतो. वर्ग केला की उणे चिन्ह जातं. म्हणून ओढा किंवा दाबा, सुरुवातीला सरकणं एकाच बाजूला! त्यावर दुसरा परिणाम चढतो. ताणामुळे ती आवडती अवस्थाच थोडी हलते, आणि कुठल्या बाजूला हलते हे जूल आणि व्हिलारीच्या हिशोबानं ठरतं. हे दोन परिणाम वेगळे केले आणि शंभर वर्षांचे भांडणारे आकडे एका ओळीत बसायला लागले.

आता हातोड्याकडे या. लोहाराची कांब चुंबकत्वाशिवाय सुरू होते. पृथ्वीच्या क्षेत्रात तिची आवडती अवस्था शून्याच्या थोडी वर आहे, म्हणून ठोकल्यावर चुंबकत्व वाढतं. शाळेतला चुंबक खूप वर बसलाय, तिथे त्याला अडकलेल्या सीमांनीच धरून ठेवलंय. ठोकल्यावर तोही त्याच जागेकडे निघतो, पण वरून खाली. हातोडा ना बनवतो, ना बिघडवतो. तो फक्त अडकलेलं सोडवतो. यूइंगची टकटक हीच.

हे मॉडेल अंतिम नाही. ते मुळात एकाच दिशेच्या ताणासाठी आहे. ईव्हीच्या मोटरमधल्या पातळ पत्र्यांना कापताना आणि घट्ट बसवताना सगळ्या बाजूंनी ताण बसतो, दाबामुळे त्यांचा ऊर्जेचा तोटा वाढतो, आणि ते नीट मोजायला नवी मॉडेल्स अजून बनतायत. पण सगळ्यांनी एक गोष्ट मान्य केलीय: आत स्टेट आहे.

आणि माझा प्रोजेक्ट? पहिली फेरी म्हणजे रॉड आपल्या आवडत्या अवस्थेकडे सरकत होता. पुढच्या फेऱ्यांना सरकायला फार काही उरलंच नव्हतं. आम्ही जे उडवलं तीच गोष्ट मोजायला आम्ही निघालो होतो. सेन्सर पहिल्यापासून बरोबर होता. आता कामावर कुठलं रीडिंग डिलीट करायची वेळ आली, की मी आधी ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.

या वेळचा गृहपाठ

मोबाइलमध्ये मॅग्नेटोमीटर असतो, तो दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. एक लांब लोखंडी सळई किंवा मोठा खिळा आणा. त्याचं एक टोक फोनजवळ एका ठरलेल्या जागी धरून आकडा लिहा. मग फोन लांब ठेवा, सळई उत्तर-दक्षिण धरा, दहा-बारा वेळा ठोका, परत त्याच जागी मोजा. नंतर पूर्व-पश्चिम धरून ठोका आणि पुन्हा मोजा. नंतर फोनचा कंपास भरकटला तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, तो ताळ्यावर येईल.

आकडे कमेंटमध्ये टाका. सगळे टाका, पहिलासुद्धा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!